सासू, जावई आणि चालता बर्फ

सेलिना पीटरला कुणी "जरा बसा हो" म्हटलं की ती उभी राहायची. बसलेली असली तरी उठायची. हा हट्टीपणा तिला आईकडून आला, असं तिची थोरली बहीण बेसी सांगे. सेलिना म्हणे, आईकडून नव्हे, तापाकडून. ज्या हिवाळ्यात तापाची साथ आली, त्या हिवाळ्यात त्यांच्या तंबूत सात माणसं आडवी पडली होती आणि अकरा वर्षांची सेलिना तेवढी उभी होती. लाकडं तिने आणली, बर्फ वितळवून पाणी तिने केलं, सशांचे फास तिने लावले. आई आणि दोन भाऊ गेले, पण बाकीचे चौघे जगले ते तिच्यामुळे. तेव्हापासून दिवसाउजेडी आडवं होणं तिला पापच वाटायचं.

वयात आली तेव्हा आम्हा उत्तरेकडच्या डोंगरी लोकांच्या रीतीप्रमाणे तिला वेगळ्या झोपडीत बसवलं. डोळ्यांवर उतरणारी लांब कातडी टोपी, हातात सुईदोरा, आणि तोंडाला कुलूप. तेही चार महिने. आजकालच्या पोरींना हे सांगितलं तर त्या हसतात. हसोत बापड्या. सेलिना त्या चार महिन्यांत ऐकायला शिकली. पाऊल कुणाचं, वारा कुठला, नदीच्या पोटात दगड किती गडगडतात, हे तिला न बघता कळायचं. पुढे सुईणपणात हेच कामी आलं. एकतीस पोरं तिच्या हातांवर जन्मली. तिची स्वतःची सहा, त्यातली उरली एकच, आयरिस.

या आयरिसने रस्त्याच्या कामावरच्या हार्वीशी लग्न केलं. हार्वी ग्रेडर चालवायचा, म्हणजे हमरस्त्यावरची खडी सपाट करणारं ते पिवळं धूड. आम्ही लांडगा कुळीचे, तो कावळा कुळीचा, म्हणजे सोयरीक अगदी रीतीला धरून होती. माणूस भला, शिकारीत बरा, आणि आपण दिसायला चांगले आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेला. सेलिनाला तो आवडायचा. पण हे तिने त्याला कधी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. तोंडाकडे बघत नाहीत, हातातून हातात वस्तू देत नाहीत. राग म्हणून नव्हे, मान म्हणून. मधे कुणीतरी लागतं.

"आयरिस, तुझ्या नवऱ्याला सांग, चिखलाचे बूट बाहेर काढ म्हणावं."

"आई, तो इथेच बसलाय. ऐकलं त्याने."

"ऐकलं असेल. तू सांग."

आणि आयरिस सुस्कारा सोडून सांगायची. ती घरात नसली तर मधे कुत्रा असायचा. त्याचं नाव बॉस. पाठीवर दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून तो ओझी वाहायचा, आणि त्यांच्यासोबत या दोघांचे निरोपही. चार वर्षांत सासू-जावयात एकदाही भांडण झालं नाही. इतकं कसं जमतं, असं रस्त्याच्या कामावर आलेले नवे लोक विचारायचे. अहो, म्हणून तर जमतं!

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयरिस आठवा महिना भरत आलेली असूनही बेसीमावशीबरोबर वरच्या सपाटीवर गेली. खारी धरायचे दिवस होते. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या त्या गुबगुबीत खारी याच दिवसांत चरबी धरतात, आणि फास लावायचं काम बायकांचं. बेसीला दिसत जवळजवळ नव्हतंच, पण बिळाचं तोंड ती बोटांनी शोधायची. सेलिनाही जाणार होती, पण गावात एक पोर बाळंतपणाला टेकली होती. हार्वीने आठ दिवसांची सुट्टी काढून वर जाऊन दोन डोंगरी मेंढ्या मारल्या, मांस वाळवलं, आणि पहिली खेप घेऊन तो खाली आला.

सपाटीवर जायची वाट नदीच्या काठाने वर जाते. दीड दिवसाच्या अंतरावर डावीकडून एक हिमनदी उतरते. तिचा उगम त्या मोठ्या डोंगरात, ज्याच्याकडे आम्ही बोट दाखवत नाही. हिमनदीला आम्ही म्हातारा म्हणतो. सेलिनाच्या सगळ्या आयुष्यात तो दरीच्या तोंडाशी मातीदगड पांघरून निजलेला होता. पण तिची आजी लहान असताना तो एकदा उठला होता, दरी ओलांडून समोरच्या कड्याला जाऊन भिडला होता, नदी अडली होती आणि वरची सपाटी तळ्याखाली गेली होती. हे सेलिनाला आजीने सांगितलं होतं, आणि आजी उगीच बोलणारी नव्हती.

हार्वी मांस घेऊन आला त्या सकाळी सेलिना दोन दिवसांपासून नदी ऐकत होती. पाणी दाट झालं होतं, राख कालवल्यासारखं. आणि लांबून, वाऱ्याशिवाय, गडगडाट. हार्वी चहा पीत बसला होता. आयरिस वर सपाटीवर, कुत्रा बाहेर ओझं उतरवून पडलेला. मधे कुणीच नाही. सेलिना चुलीकडे तोंड करून म्हणाली, "म्हातारा उठलाय. पोरीला आत्ताच्या आत्ता खाली आणायला हवं."

चुलीत लाकूड फुटलं. हार्वीने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि बाहेर गेला.

तिला वाटलं, निघाला. ती निश्चिंत झाली. दुपारीच ती गावातल्या त्या पोरीचं बाळंतपण उरकायला लागली, आणि ते उरकतंय तोच खालच्या वस्तीवरून दुसरं बोलावणं आलं. तिथे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एका ट्रकमधून परत येताना वळणावर धुरळा दिसला, धुरळ्यात पिवळं धूड दिसलं, आणि त्या धुडावर शीळ घालत बसलेला तिचा जावई दिसला.

"थांबव," ती ट्रकवाल्याला म्हणाली.

"इथे? अजून चार मैल आहेत, आजी."

"थांबव म्हणते ना!"

ती उतरली. हार्वीने तिला पाहिलं आणि रीतीप्रमाणे नजर वळवली. सेलिनाने तेव्हाही रीत सोडली नाही. ती ट्रकवाल्याकडे वळली. "विचार त्याला, आयरिस कुठे आहे."

ट्रकवाल्याने बिचाऱ्याने विचारलं.

"वर आहे की. शनिवारी जाणार मी दुसऱ्या खेपेला."

"विचार त्याला, चार दिवसांमागे मी काय म्हणाले होते."

हार्वीचा चेहरा उतरला. त्याने यंत्र बंद केलं, तसा तो गडगडाट स्पष्ट ऐकू आला. आता तो लांबचा राहिला नव्हता.

एका तासात ती दोघं आणि बॉस नदीवरच्या पुलापाशी ट्रकमधून उतरली. सेलिनाचं वय तेव्हा अठ्ठावन्न. गुडघा एक कुरकुरणारा, दुसरा मुका. पाठीवर कापडं, दोरा, कात्री, वाळलेलं मांस, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा डिंक आणि झाडपाल्याच्या पुड्या. हार्वी पुढे, कुत्रा मधे, ती मागे.

तासाभराने सेलिना म्हणाली, "बॉस, तुझ्या मालकाला सांग, पाय उचल. माझ्या चालीने चालायची गरज नाही. मी गाठते."

"बॉस, सांग तिला, गुडघा दुखतो तिचा. मला माहीत आहे."

"गुडघा माझा आहे म्हणावं. त्याला काय करायचंय?"

बॉस जीभ बाहेर काढून मधे चालत होता. त्याला या कामाची सवय होती.

संध्याकाळी विसाव्याला हार्वीने नकळत पिशवीतून तवा काढला आणि दुकानातल्या डुकराच्या चरबीदार मांसाचं पुडकं काढलं. सेलिना ताडकन उभी राहिली.

"बॉस! या माणसाची अक्कल काय ग्रेडरखाली गेली काय? म्हाताऱ्याच्या दारात चरबी तळतोय! वास गेला तर तो आणखी पिसाळेल. ठाऊक नाही का याला?"

"ठाऊक आहे," हार्वी पुटपुटला. पुडकं गुंडाळून त्याने खोल दडवलं. "चुकलं म्हणावं, बॉस. डोकं ठिकाणावर नाही."

दोघांनी वाळलेलं मांस कोरडंच चावलं, एकमेकांना पाठ करून. बऱ्याच वेळाने हार्वी कुत्र्याच्या कानाशी खेळत म्हणाला, "बॉस, त्या सकाळी मी ऐकलं होतं."

सेलिनाने चावणं थांबवलं.

"पण मधे कुणी नव्हतं. मला वाटलं, बाई स्वतःशीच बोलतेय. ते बोलणं उचललं तर मी निर्लज्ज ठरलो असतो. आणि खरं सांगायचं तर, कामावर जायचं होतं. कानाडोळा करणं सोयीचंच होतं."

आमच्याकडेच घडावी अशी ही चूक होती. एकाने मान राखला, दुसरीने मान राखला, आणि त्या दोघांच्या मानामधे आयरिस अडकली. सेलिनाला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. दारात जाऊन कुत्र्याला हाक मारायला किती वेळ लागला असता? दहा पावलं.

"बॉस," ती म्हणाली, "सांग त्याला, चुलीला निरोप देणारी मी. तेव्हा अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी त्याची. रडायचं ते मग. आता झोपू दे मला दोन तास, आणि उजाडायच्या आत उठव."

सकाळी उठून नदीवर गेली, तर नदी नव्हती. ओले गोटे, त्यात तडफडणारे दोनचार मासे, आणि मधोमध बोटभर पाणी. दोघांनीही ते पाहिलं. वर पाणी अडलं होतं, हे कुत्र्याकरवी सांगायचीही गरज नव्हती. म्हातारा कड्याला भिडला होता, आणि आयरिसची सपाटी आता भरत चालली होती. त्यानंतर सेलिनाचा गुडघा दुखला की नाही कोण जाणे. ती जावयाच्या पुढे निघून गेली.

दुपारी ते हिमनदीच्या तोंडाशी पोचले. इतकी वर्षं निजलेलं ते मातकट अंग आता सगळं फुटून वर आलं होतं, घरांएवढे निळे ठोकळे एकमेकांवर चढले होते. पुढच्या कडेशी स्प्रूसची झाडं काड्यांसारखी मोडत होती. आपण उभं राहून बघावं आणि समोर एक झाड हळूच वाकावं, वाकत वाकत आडवं व्हावं, असं चाललं होतं. आतून तोफा उडाव्यात तसे आवाज येत होते. बर्फ समोरच्या कड्यावर दाबला गेला होता. वाट म्हणावी अशी एकच उरली होती, कड्याच्या अंगावरची मेंढ्यांची अरुंद पायवाट. मधे ती तुटली होती, आणि तिथे बर्फावर उतरून पलीकडे पुन्हा चढायला हवं होतं.

बॉसने एक पाऊल पुढे टाकलं, हुंगलं, आणि शेपूट पोटात घालून मागे फिरला. हार्वीने हाका मारल्या, सेलिनाने शिव्या दिल्या. तो पाठीवरच्या पिशव्यांसकट, मांसासकट, आल्या वाटेने गावाकडे चालू लागला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दोघांत अक्कल असती तर त्यांनीही तेच केलं असतं.

आता मधे कुणी नव्हतं.

हार्वी पुढे झाला. पायवाट तुटली तिथे तो बर्फावर उतरला आणि काठीने ठोकत ठोकत पुढे सरकू लागला. सेलिना वर कड्यावर, पाठ दगडाला टेकवून उभी. त्याच्यासमोर मातीने झाकलेला एक सपाट पट्टा होता, बघायला अंगणाएवढा पक्का. पण सेलिना बाजूने उभी होती आणि तिला त्याचा तळ दिसत होता. खाली काहीच नव्हतं. हातभर जाडीचं छत, आणि खाली काळोख आणि पाण्याचा आवाज. हार्वीने काठी ठोकली. आवाज तिला कळला, त्याला कळला नाही. त्याने पाय उचलला.

ती ओरडू शकत होती. नाव घेऊन, थेट. कुणी तिला दोष दिला नसता, आणि रीत मोडून जीव वाचत असेल तर ती मोडायचीच, असं मलाही वाटतं. पण अठ्ठावन्न वर्षांची जीभ एका क्षणात वळत नाही. आणि इथे ऐकणारं आणखी कुणी होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"आजोबा!" ती बर्फावर कडाडली. "ए आजोबा! तुमच्या अंगावर उभा आहे तो माझा जावई आहे! त्याच्या समोरची माती पोकळ आहे! त्याला थांबवा! डावीकडे घ्या त्याला, निळ्या ठोकळ्यावर! निळ्यावर!"

हार्वीचा पाय हवेत थांबला. त्याने तो मागे घेतला, आणि डावीकडे, निळ्या ठोकळ्यावर ठेवला.

"आणि ऐका!" तिला आता थांबवत नव्हतं. "आम्ही तुमच्या दारात तळलं नाही. तुमच्या डोंगराकडे बोट दाखवलं नाही. पलीकडे माझी एकुलती एक पोर आहे. तुम्हाला जायचं तिथे जा, पण मला आधी जाऊ द्या!"

म्हाताऱ्याने काय ऐकलं ते त्यालाच माहीत. तो गडगडत राहिला. हार्वी पलीकडच्या पायवाटेवर चढला, आडवा झाला, आणि काठीचं एक टोक धरून दुसरं तिच्याकडे केलं. चेहरा मात्र कड्याकडे वळवलेला. हात देता येत नव्हता, काठी देता येत होती. तिने ती घट्ट धरली आणि निळ्या ठोकळ्यावरून पलीकडे गेली. पायाखाली तो ठोकळा हलत होता, अगदी सावकाश, एखादं मोठं जनावर श्वास घेतं तसा.

पलीकडे तळं होतं. मातकट, थंड, विलोच्या झुडपांचे शेंडे बाहेर काढून पसरलेलं. सपाटीवर जिथे तंबू होता तिथे तंबूचा खांब अर्धा पाण्याबाहेर दिसत होता आणि त्याला एक फडकं अडकलं होतं. हार्वी कंबरभर पाण्यात धावला आणि "आयरिस, आयरिस" करत खांबाभोवती हात फिरवू लागला. सेलिना काठावर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. ती ऐकू लागली. पाणी. वारा. मग वरून, उतारावरच्या झाडीतून, बाईमाणसाचा आवाज. कळ आल्याचा. तो आवाज तिने एकतीस वेळा ऐकला होता.

"वर!" ती कुणालाच न उद्देशून ओरडली आणि चढू लागली.

बेसीने वाचवलं होतं. आंधळ्या बेसीला दोन दिवसांपूर्वीच पाण्याची कुजबुज ऐकू आली होती, आणि आयरिस "काही नाही गं मावशी" म्हणत असताना तिने तिला दंडाला धरून उतारावर चढवलं होतं. त्या चढाने कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. झाडांना बांधलेल्या ताडपत्रीखाली आयरिस कालपासून पडून होती. चेहरा पांढरा फटक. मूल आडवं होतं.

"आलीस?" बेसी म्हणाली. "मला वळवता येईना गं. बोटांत जोर नाही उरला."

"हो बाजूला."

"आई," आयरिस म्हणाली, "हार्वी?"

"आलाय. खाली आहे. बायकांच्या कामात त्याचं काय काम? तू श्वास घे."

पुरुषाने बाळंतिणीजवळ यायचं नाही, म्हणून हार्वी खाली मोठ्या दगडाआड थांबला होता. तो लाकडं तोडू लागला. कुणी मागितली नव्हती. कुऱ्हाडीचे घाव एकामागून एक वर ऐकू येत राहिले, आणि सेलिनाच्या हातांना त्या आवाजाची साथ झाली. पोटावरून हात फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. दोन वेळा मूल वळलं आणि पुन्हा आडवं झालं. दोन्ही वेळा बेसी रडली. सेलिना म्हणाली, "रडायचं असेल तर लांब जाऊन रड. मी या पोरीला सोडणार नाही." तिसऱ्या वेळी वळलं. ऊन कलायला लागलं तेव्हा मुलगी जन्मली, उंदराएवढ्या आवाजात रडली. आणि मग रक्त सुरू झालं.

ते किती वेळ चाललं हे पुढे कुणी विचारलं की सेलिना उठून कामाला लागायची. मुठीने पोट दाबून धरलेलं, हात कोपरापर्यंत माखलेले. पाच मुलं तिने मातीत ठेवली होती. सहावं ती ठेवणार नव्हती, एवढंच तिला कळत होतं. आयरिस आता ओरडत नव्हती. बेसी तिचं डोकं मांडीवर घेऊन गप्प होती. सगळीकडे शांत झालं. आणि त्या शांततेत खालची कुऱ्हाड थांबली.

रक्त हळूहळू कमी झालं. थांबलं. आयरिसने ओठ हलवले आणि पाणी मागितलं.

सेलिनाच्या अंगात त्राण नव्हतं. पण कुऱ्हाड थांबलेली तिने ऐकली होती, आणि ती का थांबली हे तिला ठाऊक होतं. तो शांतता ऐकत होता आणि तिचा अर्थ लावत होता. बेसीला पाठवायचं तर बेसीला उतार दिसत नव्हता, आणि आयरिसचं डोकं तिच्या मांडीवर होतं. सेलिनाने बाळाला सशाच्या कातडीत गुंडाळलं आणि ती खाली उतरली.

हार्वी दगडाला कपाळ टेकवून उभा होता. कुऱ्हाड खाली पडलेली. पावलं ऐकून त्याचे खांदे ताठ झाले, पण तो वळला नाही. सेलिना चार हातांवर थांबली, त्याच्याकडे पाठ केली आणि हातातल्या बाळाकडे बघितलं. जन्माला येऊन अर्धा तास झालेला तो लाल, सुरकुतलेला जीव एक डोळा उघडून तिच्याकडे बघत होता.

"ऐक गं," ती बाळाला म्हणाली. "तुझ्या बापाला सांग, तुझी आई जिवंत आहे. रक्त थांबलंय. तिने पाणी मागितलं."

मागे काहीतरी धपकन बसल्याचा आवाज आला.

"सांग तिला," हार्वी म्हणाला. "तुझ्या आजीला सांग, की..."

पुढे त्याला बोलता येईना. सेलिना थांबली. तो पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडला. पाठ फिरवून उभ्या असलेल्या सेलिनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"राहू दे," ती बाळाला म्हणाली. "पोचलं, म्हणावं त्याला."